शाळेतून सुट्टीत : घरच्या बदलाच्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल

वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. सुट्टी लागायला अजून अवकाश आहे, तरी सुट्टीच्या नोंदी आजपासूनच सुरू करते. शाळा एका दिवसात बंद होते, पण घराची घडी एका दिवसात बदलत नाही. शुक्रवारपर्यंत गजर, डबा, बस, गृहपाठ, झोप सगळं घंटेवर चाललेलं असतं आणि सोमवारी घंटाच नसते. मधल्या शनिवार-रविवारात आपोआप सगळं जमून येईल असं धरून चालणं मुलांवरही अन्यायाचं आणि घरातल्या मोठ्यांवरही.

घरात आम्ही पाच जण. थोरली १४ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा, आजी (म्हणजे माझ्या सासूबाई), मुलांचे बाबा आणि मी. आम्हा दोघांच्या नोकऱ्यांना सुट्टी लागत नाही, हे सगळ्या नियोजनाच्या मुळाशी आहे.

शाळा मुलांना अभ्यास देते हे रोज दिसतं. ती दिवसाला आकारही देते, आणि हे लक्षात येतं ती बंद झाल्यावर. २०१७ मध्ये काही संशोधकांनी यावर नेमकी मांडणी केली. ज्या दिवसांना बाहेरून आखलेली चौकट असते, त्या दिवशी मुलांचं खाणं, झोप, हालचाल आणि स्क्रीन हे चारही आटोक्यात राहतं. चौकट गेली की चारही एकदम सैल होतात. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या १८ हजारांवर लहान मुलांच्या वजनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बालवाडीपासून दुसरीपर्यंत लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलं, आणि ही वाढ झाली ती उन्हाळी सुट्ट्यांमध्ये. शाळेच्या महिन्यांत ते प्रमाण वाढलं नव्हतं. मला यात वजनापेक्षा मोठी गोष्ट दिसते. मुलांचं शरीर घंटेवर किती विसंबून असतं, ते यातून कळतं.

म्हणून या प्रकल्पाचं काम एवढंच: शाळेने दिलेल्या आकारातलं काय ठेवायचं आणि काय निर्धास्तपणे सोडायचं, हे आधी ठरवणं. घरात दुसरी शाळा भरवायची नाही. माझ्या मते तीन खुंट्या पक्क्या असल्या की पुरे: उठण्याची वेळ, जेवणाच्या वेळा आणि रात्री दिवे मंद करण्याची वेळ. बाकीचा दिवस मुलांचा.

बुधवार, ९ एप्रिल

आजची स्थिती लिहून ठेवते, म्हणजे पुढे ताडून पाहता येईल.

धाकटा रात्री ९ ला झोपतो, सकाळी सव्वासहाला उठतो. सव्वानऊ तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, असं झोपेवर काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं आहे. त्याचं ठीक चाललं आहे.

थोरलीचं ठीक नाही. शाळेच्या दिवशी ११ ला झोपून ६ ला उठते, म्हणजे सात तास. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. रविवारी ती १२ ला झोपते आणि १० ला उठते. झोपेचा मध्य काढला तर शाळेच्या दिवशी तो रात्री अडीचला येतो आणि रविवारी पहाटे ५ ला. अडीच तासांचा फरक. दर शुक्रवारी तिने अडीच तास पलीकडच्या देशात जावं आणि दर रविवारी रात्री परत यावं, असं तिच्या शरीराला वाटत असणार. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला सामाजिक जेटलॅग म्हटलं (जेटलॅग म्हणजे विमानाने दूरच्या देशात गेल्यावर झोपेचं आणि तिथल्या घड्याळाचं न जुळणं), आणि तो मोजायची रीत हीच: कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या झोपेच्या मध्यांतला फरक.

आजी रविवारी तिच्या खोलीत दोनदा डोकावतात. "अगं, दहा वाजत आले, पोरगी अजून अंथरुणात." आज त्यांच्याजवळ बसून सावकाश सांगितलं. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक संध्याकाळी उशिरा स्रवायला लागतं, आणि दिवसभराचा झोपेचा ताणही लहान मुलांपेक्षा हळू साठतो. म्हणजे ९ ला तिला झोप येत नाही हे खरंच असतं आणि ६ ला डोळे उघडत नाहीत हेही. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आळशी म्हणत नाही तिला आजपासून." मला फार बरं वाटलं. थोरलीला हे वाक्य मी आजच सांगितलं.

शनिवार, १२ एप्रिल

दोन पेपरांच्या मधला दिवस. संध्याकाळी पाचही जण एकत्र बसलो. प्रत्येकाने सुट्टीतून आपल्याला हवी असलेली एक गोष्ट आणि नको असलेली एक गोष्ट सांगायची, एवढीच रीत ठेवली.

थोरली: मला कुणी उठवायचं नाही. आणि "मोकळी आहेस तर जरा हे कर" असं दिवसभर ऐकायला नको. काम काय ते एकदाच सांगा.

धाकटा: मित्र घरी यायला हवेत. तक्ता नको. (मागे भिंतीवर तासातासाचा तक्ता लावला होता, तो त्याच्या चांगला लक्षात आहे.)

आजी: दुपारी २ ते ४ घरात आवाज नको. आणि दोन्ही मुलांना दिवसभर एकटीने सांभाळायचं, हे गृहीत धरू नका.

बाबा: मुलाने या उन्हाळ्यात पोहायला शिकावं. संध्याकाळी घरी आल्यावर सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये, हे नको.

मी: सकाळी कामाला निघताना घरात भांडण सुरू नको. आणि रोज अर्धा तास कुणीही काही न विचारता बसता यावं.

सगळ्यात जास्त वेळ पोहण्याच्या वर्गावर गेला. बाबांचं म्हणणं, पहिल्या सोमवारपासूनच सुरू करू, नाहीतर आठवडा असाच जाईल. माझं म्हणणं, तो असाच जायला हवा. मुलं वर्षभर सकाळी अर्धवट झोपेत उठलेली आहेत, परीक्षेचा ताण आहे, त्यातून बाहेर यायला वेळ लागतो. शाळा संपली की लगेच दुसरी घंटा सुरू केली तर सुट्टी लागल्याचं मुलांना कळतच नाही. शेवटी बाबा म्हणाले, "ठीक आहे, पण दुसऱ्या आठवड्यात एक दिवसही इकडे-तिकडे नको." मान्य.

ठरलं ते असं. पहिला आठवडा पूर्ण मोकळा: वर्ग नाही, प्रवास नाही, अभ्यास नाही, पाहुणे नाहीत. त्या आठवड्यात थोरलीला कुणी उठवणार नाही. दुसऱ्या आठवड्यापासून थोरली उशिरात उशिरा ८ ला आणि धाकटा साडेसातला अंथरुणाबाहेर. जेवणाच्या वेळा पहिल्या दिवसापासून पक्क्या, त्यात सूट नाही. दुपारी २ ते ४ आजींचे. त्या वेळात त्या कुणाच्याही राखणीला नाहीत. या दोन तासांची जबाबदारी थोरलीची, आणि त्याबदल्यात सकाळचं कोणतंही काम तिच्याकडे नाही.

ही शेवटची अट थोरलीने स्वतः घातली. मला ती फार रास्त वाटली.

गुरुवार, १७ एप्रिल

पेपर संपले. आज काही नाही. दोघंही संध्याकाळी साडेसातलाच झोपली.

शनिवार, १९ एप्रिल

दप्तरं रिकामी केली. या कामाला अख्खी सकाळ द्यावी, असं माझं ठाम मत आहे. वर्ष संपलं हे मुलांना निकालापेक्षा दप्तर रिकामं करताना जास्त कळतं.

जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि धाकट्याने दप्तर उलटं केलं. तळातून जे निघालं ते असं: बोटभर उरलेल्या पेन्सिली, टोपणं नसलेली पेनं, पेनं नसलेली टोपणं, शार्पनरचा भुगा, चौकोनी घडी घातलेली सहलीची सूचना, वाळून कडक झालेला हातरुमाल, एक बटण आणि खोडरबराचे तुकडे. तुकडे त्याने एकेक करून तळहातावर घेतले. "हा माझा नाही. याच्यावर त्याचं नाव आहे." मित्राच्या नावाचं पहिलं अक्षर खरंच त्यावर पेनाने कोरलेलं होतं. तो तुकडा त्याने परत द्यायला बाजूला ठेवला.

वह्यांचे तीन ढीग केले. पूर्ण भरलेल्या वह्यांतून प्रत्येकी एक ठेवायची, तीही त्यानेच निवडायची. त्याने गणिताची किंवा सुंदर अक्षराची वही निवडली नाही. ज्या वहीत त्याने मागच्या पानांवर नकाशे काढले होते ती निवडली. अर्धवट वह्यांची कोरी पानं सोडवून, थोरलीने त्यांना दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने दोन वह्या शिवल्या. एक त्याला, एक तिला. या वह्या तपासायच्या नाहीत, हे तिथेच जाहीर केलं.

बाकीचं पटकन: वाचनालयाची पुस्तकं परत करायच्या पिशवीत. पाठ्यपुस्तकं पुढच्या इयत्तेसाठी मागणाऱ्या घरी द्यायची आहेत, फक्त धाकट्याचं गणिताचं पुस्तक ठेवलं. गणवेश धुऊन वर ठेवले, नवे आत्ता घ्यायचे नाहीत. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे माप शाळा उघडायच्या तोंडावरच. बुटांचंही तेच.

मंगळवार, २२ एप्रिल

धाकट्याच्या वर्गशिक्षिकांना भेटले. गुणांबद्दल काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला: पुढच्या वर्षी तो कुठे अडेल असं तुम्हाला वाटतं? त्यांनी क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "अपूर्णांक. बेरीज करतो, पण अपूर्णांक म्हणजे किती, हे त्याला दिसत नाही." वर्षभराच्या प्रगतिपुस्तकातून जे मला समजलं नव्हतं ते या दोन वाक्यांत समजलं. शाळा बंद व्हायच्या आधी ही भेट व्हायलाच हवी. सुट्टी लागल्यावर शिक्षक भेटत नाहीत आणि शाळा उघडल्यावर ते बदललेले असतात.

सुट्टीत मुलं किती विसरतात याबद्दल हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरण, आणि ती वाचनापेक्षा गणितात जास्त. पुढे वेगळ्या चाचण्या वापरून झालेल्या अभ्यासांत हे आकडे इतके एकसारखे आले नाहीत, म्हणून घाबरून जाण्यासारखं काही नाही. गणित मागे पडायचं कारण मात्र घरात सहज दिसतं. वाचायला रस्त्यावरची पाटीसुद्धा मिळते. अपूर्णांकांची बेरीज कुणी मुद्दाम पुढे ठेवल्याशिवाय समोर येत नाही.

उपायही जुनाच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता. अंतरा-अंतराने केलेली थोडी उजळणी एका बैठकीतल्या भरपूर उजळणीपेक्षा जास्त टिकते, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. त्यामुळे: दुसऱ्या आठवड्यापासून, एक दिवसाआड २० मिनिटं, फक्त अपूर्णांक. बाकी कोणताही विषय नाही. पुढच्या इयत्तेची पुस्तकं आणून आधीच धडे संपवायचे, याला माझा विरोध आहे. त्याने मूल जूनमध्ये वर्गात कंटाळतं आणि मे महिन्यात घरी.

वाचन म्हणजे त्याला हवं ते. एकच पुस्तक दहा वेळा वाचलं तरी चालेल.

शुक्रवार, २५ एप्रिल

शेवटचा दिवस आणि निकाल एकत्रच.

निकालाबद्दल घरात आधीच ठरलं होतं: आज फक्त बघायचा, बोलायचं ते सोमवारनंतर. नातेवाइकांच्या फोनवर टक्के मुलांनी सांगायचे की नाही ते मुलांनी ठरवायचं. थोरलीने न सांगायचं ठरवलं. आजींनी तीन फोनवर "पास झाली, आनंद आहे" एवढंच सांगून विषय बदलला.

धाकटा घरी आला तो गप्प. त्याचा जवळचा मित्र पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार आहे, हे त्याला आज कळलं. खोडरबराचा तुकडा त्याने परत दिला होता, मित्राने तो पुन्हा यालाच देऊन टाकला. "तो कुठे राहतो ते मला माहीत नाही, आई." मोठ्यांना वाटतं सुट्टी म्हणजे मुलांना निव्वळ आनंद. पण रोज सहा तास ज्यांच्यासोबत काढले ती माणसं उद्यापासून दिसणार नाहीत, हाही शाळा संपण्याचा भाग आहे, आणि मुलांना तो जाणवतो. आठ वर्षांच्या मुलाकडे मित्राला गाठायचं दुसरं कोणतंही साधन नसतं.

मी लगेच वर्गातल्या पालकांकडे विचारणा केली. तासाभरात मित्राच्या आईशी बोलणं झालं, भेटायचा दिवस ठरला. पुढच्या वर्षासाठी या कामाची वेळ बदलायची: जवळच्या मित्रांच्या घरचे फोन शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच घ्यायचे.

सोमवार, २८ एप्रिल

मोकळ्या आठवड्याचा पहिला दिवस. पहिला आठवडा घरी राहायची पाळी माझी, तिसरा बाबांचा. दोघांनी रजा एकदम घेतल्या नाहीत, म्हणजे आजींवरचा भार वाटला जातो.

थोरली ११ ला उठली. कुणी काही बोललं नाही.

धाकटा साडेसहालाच उठून बसला, आणि नाश्ता झाल्यावर आला: "आई, कंटाळा आलाय. काय करू?" मी आधी ठरवल्याप्रमाणे सुचवलं काहीच नाही. "बस माझ्याजवळ" म्हटलं. तो बसला, आडवा झाला, पंख्याकडे बघत राहिला, माझ्या ओढणीला गाठी मारल्या, सोडल्या. परत तेच विचारलं. मग उठून दप्तरातून निघालेली बिनटोपणाची पेनं घेऊन आला आणि एकेक उघडायला लागला. स्प्रिंग वेगळ्या, रिफिली वेगळ्या, नळ्या वेगळ्या. नळीत स्प्रिंग घालून त्यावर रिफील दाबून सोडली की ती लांब जाते, हे त्याने शोधलं. दोन स्प्रिंगा एकापुढे एक घातल्या तर दुप्पट लांब जाईल का? जेवायची वेळ होईपर्यंत फरशीवर खडूच्या रेघा आणि त्यांच्यापुढे आकडे.

कंटाळा आला म्हटल्यावर मोठ्यांनी लगेच धावून काही हातात दिलं, तर मूल पुढच्या वेळीही हातच पुढे करतं. थोडा वेळ थांबायचं. जवळ मात्र असायचं. "जा, काहीतरी कर" म्हणून पिटाळण्यात आणि सोबत बसून गप्प राहण्यात फार अंतर आहे.

बुधवार, ३० एप्रिल

तिसरी खुंटी, म्हणजे दिवे. रात्री साडेआठनंतर दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा तेवढा सुरू. प्रखर उजेडात मेलाटोनिन दबतं, आणि मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. २०१४ मधल्या एका जपानी अभ्यासात तर जवळजवळ दुप्पट. मुलांच्या डोळ्यातली बाहुली मोठी असते आणि भिंग नितळ, त्यामुळे तेवढ्याच दिव्यातून आत जास्त उजेड पोचतो. म्हणून मोठ्यांना आपण नीट झोपतो म्हणून दिवे चालतील असं वाटतं, ते मुलांना लागू होत नाही.

फोन सगळ्यांचे दहाला दिवाणखान्यात, चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे बाबांचा आणि माझाही. नियम मुलांपुरता असता तर तो एक दिवसही टिकला नसता.

शुक्रवार, २ मे

थोरली आज आपणहून ९ ला उठली. सोमवारी ११ होते. झोपेची थकबाकी फिटत चालली की उठायची वेळ आपोआप मागे येते, हे घरात डोळ्यांदेखत दिसलं. चेहरा निवळला आहे. आजींशी गप्पा मारत बसली होती, कितीतरी महिन्यांनी.

रविवार, ४ मे

उद्यापासून दुसरा आठवडा. पाण्याबद्दलची नोंद आजच, वर्ग सुरू व्हायच्या आधी.

५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या जगभरातल्या प्रमुख कारणांत बुडणं आहे. आणि बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वासच घेता येत नाही तिथे हाक कशी मारणार? हात वर करून हलवणंही जमत नाही, कारण हात पाणी खाली दाबायला लागलेले असतात. जवळ दहा मोठी माणसं गप्पा मारत असली तरी लक्षात येत नाही, आणि दहा जण आहेत म्हणूनच प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतो आहे.

घरचा नियम: पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. "आता मी बघतोय." त्या वेळात त्याने फोन हातात घ्यायचा नाही, वाचायचं नाही, उठायचं तर दुसऱ्याने "आता मी" म्हटल्यावरच. पोहायला येऊ लागलं तरी हा नियम सुटत नाही.

ऊन: खेळ सकाळी आणि संध्याकाळी. तहान लागायची वाट न बघता पाणी. बंद मोटारीत कुणालाही दोन मिनिटांसाठीही ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंश सेल्सिअसने वर जातं. औषधांची पेटी, डॉक्टरांचा नंबर आणि शेजारच्यांचा नंबर आजींना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावला.

मंगळवार, ६ मे

अपूर्णांकांची पहिली बैठक. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या कापल्या होत्या.

"१/३ मोठा की १/४?"

"१/४. चार मोठा ना."

मी चूक म्हटलं नाही. एक पट्टी चारात दुमडायला सांगितली, ते सोपं: अर्धी आणि पुन्हा अर्धी. दुसरी तीन भागांत. तिथे तो अडला. कडा जुळेनात, एक भाग लांब तर एक आखूड. मग पट्टी सैल गुंडाळली, हळूहळू ओढत तिन्ही थर सारखे केले आणि नखाने घडी दाबली. उलगडून दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. पहिल्या पट्टीच्या घडीवर बोट ठेवलं, मग दुसरीच्या. पुन्हा पहिलीवर.

"म्हणजे जास्त जणांना वाटलं की प्रत्येकाला कमी येतं."

"मग १/६?"

त्याने तिघांतला एक भाग मध्ये दुमडला. "हा. आणि असे दोन म्हणजे परत १/३." हे मी विचारलंही नव्हतं. २० मिनिटं व्हायच्या आत बैठक संपवली. मन भरायच्या आधी उठायचं, म्हणजे गुरुवारी तो स्वतः पट्ट्या काढेल.

शनिवार, १० मे

कामांची वाटणी. १२ एप्रिलला सगळे एकत्र बसलो तेव्हा थोरलीने मागितलं होतं तसं काम एकदाच सांगितलं, आणि पूर्ण सांगितलं. कपडे हे तिचं खातं: यंत्र लावणं, वाळत घालणं, काढणं, घड्या, ज्याचे त्याच्या कपाटात. मधला एखादा तुकडा मुलांना दिला की ते मदतनीस राहतात आणि आठवण करून द्यायचं काम आपल्याकडेच उरतं. अख्खं खातं दिलं की डोक्यातला भारही जातो. मंगळवारी मळभ होतं, तिने धुणं एक दिवस पुढे ढकललं. कुणाला विचारलं नाही. मला हेच हवं होतं.

धाकट्याकडे झाडांना पाणी आणि संध्याकाळचं पाणी भरणं. अधूनमधून विसरतो. आजी आठवण करतात, तो उठतो. चालेल.

बुधवार, १४ मे

बाहेर खेळणं किती, याचा हिशेब पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शाळेत मैदान, जिने, बस पकडायची धावपळ यांत त्यातला बराच भाग नकळत होऊन जायचा. पोहण्याने आणि संध्याकाळच्या खेळाने धाकट्याचं भागतं. थोरलीचं नाही, ती घरातच असते. तिला व्यायाम कर म्हणणार नाही. बाबा रोज सकाळी फिरायला जातात, त्यांनी तिला सोबत मागितली आहे: "तू असलीस तर मीही टाळणार नाही." आठवड्यातून तीन दिवस तिने कबूल केलं.

उजेडाचा आणखी एक उपयोग. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची घराबाहेर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याचा दोष, नव्याने झालेली मुलं ३०.४ टक्के होती, बाकी शाळांत ३९.५ टक्के. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. धाकट्याला अजून चश्मा नाही, थोरलीला आहे. त्याच्यासाठी दिवसाउजेडी बाहेर राहणं हे खेळाइतकंच डोळ्यांसाठीही.

रविवार, १८ मे

९ एप्रिलच्या नोंदीशी ताडून पाहिलं. थोरली इतर दिवशी ११ ला झोपून ८ ला उठते, रविवारी साडेअकराला झोपून साडेआठला. झोप नऊ तास. मध्य साडेतीन आणि चार. अडीच तासांचा फरक अर्ध्या तासावर आला. धाकटा साडेनऊ ते सात, गजराशिवाय. जेवणाच्या वेळा दोन-तीनदा सोडता पाळल्या गेल्या. दुपारी २ ते ४ शांतता आहे. थोरलीने त्या वेळात त्याला शिवणीचे टाके शिकवायला घेतले आहेत.

आज आजींना विचारलं, सगळं झेपतंय ना. म्हणाल्या, "दुपारची झोप मिळते आहे, मग संध्याकाळी मला मुलं हवीशी वाटतात." बाबांची रजा संपते आहे, तरी हे असंच चालू शकेल असं त्यांचं म्हणणं. तरीही आठवड्यातून एक दुपार मी लवकर घरी येणार आहे. ते आजच कामाच्या ठिकाणी सांगून ठेवते.

परतीचं आत्ताच लिहून ठेवते. शाळा उघडायच्या दोन आठवडे आधीपासून दर दोन दिवसांनी उठण्याची वेळ १५ मिनिटांनी मागे आणायची, आणि उठल्यावर लगेच अर्धा तास सकाळच्या उजेडात. आधी उठणं मागे आणायचं, झोपणं मागोमाग येतं. उलट केलं तर मूल अंधारात जागं पडून राहतं. थोरलीला ८ वरून ६ वर यायला तेवढे दिवस लागतीलच. तिने स्वतः दिनदर्शिकेवर तारखा मांडल्या आहेत आणि शेवटच्या दोन खुणा पाऊण तासाच्या ठेवल्या होत्या. त्या पंधरा-पंधरा मिनिटांत मोडून दिल्या. गणवेशाचं माप त्याच आठवड्यात.